दादरा-नगर हवेलीची दोलामुद्रिते

मराठी ग्रंथेतिहासात 'दोलामुद्रित' हा शब्द आता रूढ झाला आहे. दोला म्हणजे पाळणा. मुद्रणकला पाळण्यात असताना जे ग्रंथ छापले गेले ते दोलामुद्रित, असा त्याचा सरळ अर्थ. युरोपातील ग्रंथपंडित ही मर्यादा इ. स. १५०० पर्यंत मानतात. मराठीपुरती ती १८६७ पर्यंत आणण्याचा प्रघात आहे. परंतु हे १८६७ साल आले कोठून, ह्याचा विचार क्वचितच केला जातो. त्या वर्षी मराठी मुद्रणात कोणतीही कलात्मक वा यांत्रिक क्रांती झालेली नाही. शिळाछाप त्यानंतरही चालू राहिला आणि खिळ्यांचा छाप त्यापूर्वीच प्रौढ झाला होता. त्या वर्षी घडले ते एवढेच की, सरकारने १८६७ चा पंचविसावा कायदा केला. त्याअन्वये छापखान्यांची व पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली आणि इलाख्यात छापल्या गेलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद त्रैमासिक यादीत येऊ लागली. म्हणजे दोलामुद्रितांची आपली सीमारेषा ही छपाईच्या इतिहासातील रेषा नव्हे. ती नोंदीच्या इतिहासातील रेषा आहे. १८६७ पूर्वीचे पुस्तक दुर्मिळ मानावयाचे, कारण त्याची सरकारी नोंद नाही आणि ते हरवले तर हरवले हेही कळण्याचा मार्ग नाही.

हे एकदा मान्य केले म्हणजे एक प्रश्न आपोआप उभा राहतो. ज्या प्रदेशात हा कायदा लागूच नव्हता, तेथील छापील कागदांचे काय? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास दादरा-नगर हवेलीसारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

दमणगंगेच्या काठचा हा चिमुकला मुलूख महाराष्ट्र व गुजरात ह्यांच्या सांध्यावर आहे. वारली, कोकणा, धोडिया ह्या आदिवासी समाजांच्या बोली, तसेच गुजराती आणि मराठी, ह्या सर्वांचा येथे शेजार आहे. पेशव्यांनी १७७९ च्या तहात पोर्तुगीजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची जहागीर देण्याचे कबूल केले आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी त्याप्रमाणे गावे लावून दिली. पुढे १७५ वर्षांनी ह्या कागदांना जागतिक महत्त्व आले. जुलै १९५४ मध्ये प्रथम दादरा, नंतर नरोळी आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा अशी ठाणी मुक्त झाली. युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक ह्यांनी हे कार्य केले. सुधीर फडके व बाबासाहेब पुरंदरे ही महाराष्ट्राच्या परिचयाची नावेही त्यात आहेत. दमणहून ह्या मुलखात जाण्यासाठी भारताच्या भूमीतून वाट मिळावी, म्हणून पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद गुदरली. १२ एप्रिल १९६० रोजी तिचा निकाल लागला.

ह्या खटल्यात न्यायालयास अठराव्या शतकातील मराठी शब्दांचा अर्थ लावावा लागला. पेशव्यांनी जे दिले ते राज्य की महसूल? तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ न्यायालयापुढे आले. त्या कलमात पोर्तुगीज वकील नारायण विठ्ठल धुमे ह्यांचा उल्लेख होता आणि 'जहागीर', 'सरंजाम' ह्या शब्दांच्या मर्यादा तपासल्या गेल्या. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले असे ह्या भाषेवरून म्हणता येत नाही. तो महसुलाचा सरंजाम होता, असे न्यायालयाने ठरविले. पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व पुढे इंग्रजांच्या काळात अप्रत्यक्ष मान्यतेने आले, असे त्याचे मत पडले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल ह्यांपुरता वाटेचा हक्क १९५४ मध्ये होता, सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे ह्यांना तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा अंतिम निर्णय झाला. भारताच्या वतीने तदर्थ न्यायाधीश म्हणून न्या. मु. क. छागला त्या पीठावर होते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, १७७९ चे शब्द १९६० मध्ये उपलब्ध होते. सनद लिहिणाऱ्या कारकुनाला हेगची कल्पना नव्हती. तरी त्याचा कागद टिकला, कारण तो दप्तरात होता, दप्तराला क्रम होता आणि कागद स्वतः बळकट होता. गोव्यात तर दप्तरखान्याची स्थापना १५९५ मध्येच झाली होती आणि इतिहासकार दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला रक्षक होता. विसाव्या शतकात त्याच दप्तरखान्याचे प्रमुखपद पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर ह्यांनी सांभाळले आणि १९५५ मध्ये त्यातील साधनसंपत्तीचा मार्गदर्शक ग्रंथ पोर्तुगीज भाषेत सिद्ध केला. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात ४५ खंड बाहेर काढले. अठराव्या शतकाची व्यवस्था अशी लागली आहे. प्रश्न आहे तो १९५४ चा.

मुक्तिलढ्याचा कागद बहुतांशी छापील असतो. पत्रके, आवाहने, वृत्तपत्रांचे विशेष अंक, सभांच्या जाहिराती, पावत्या, छापील अर्ज असे त्याचे स्वरूप. त्यास पुठ्ठा नाही, शिवण नाही आणि ग्रंथालयाच्या दाखलनोंदीत त्यास स्थान नाही. शिवाय तो छापील असल्यामुळे 'कोणाकडे तरी प्रत असेलच' अशी प्रत्येकाची खात्री असते. ही खात्री किती फसवी आहे, हे गोव्याच्या इतिहासानेच दाखवून दिले आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यास आला. तेथे छापलेल्या ज्या सर्वांत जुन्या पुस्तकाची प्रत आज उपलब्ध आहे, ते १५६१ चे असून ती प्रत न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात आहे. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ असे तीन वेळा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत ज्ञात नाही. काव्य वाचले ते हातांनी केलेल्या नकलांमुळे. ज्याने नक्कल केली त्याला आपल्या प्रतीचे मोल ठाऊक होते. ज्याने छापील प्रत घेतली त्याला ते वाटले नाही. छपाईने प्रती वाढतात, जबाबदारी मात्र वाटली जाऊन नाहीशी होते.

ह्या जबाबदारीला कायद्याने काही प्रमाणात आळा घातला तो ब्रिटिश हिंदुस्थानात. सर अलेक्झांडर ग्रँट ह्यांची १८६४ अखेरपर्यंतच्या देशी प्रकाशनांची यादी, त्यानंतरच्या त्रैमासिक याद्या आणि ह्या सर्वांवर कळस म्हणून शंकर गणेश दाते ह्यांची 'मराठी ग्रंथसूची' हा क्रम अभ्यासकांस परिचित आहे. दात्यांच्या सूचीचा १८०० ते १९३७ चा भाग १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० चा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्याही संस्थेचे पाठबळ हाती नसता एका व्यक्तीने ग्रंथालये धुंडाळून केलेले हे काम आहे. त्याचे ऋण न फेडता येण्यासारखे आहे. अनंत काकबा प्रियोळकर ह्यांनी १९५८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात गोव्यापासून मुंबईपर्यंतच्या मुद्रणाचा इतिहास सांगून ह्या याद्यांना पाया दिला.

परंतु यादी कायद्याच्या मागून चालते आणि कायदा सरहद्दीपाशी थांबतो. पोर्तुगीज मुलखात १८६७ चा कायदा नव्हता. तेथील सरकारी छापखाना १८२१ मध्ये सुरू झाला, १८३७ पासून सरकारी गॅझेट निघू लागले. पण तेथे खाजगी छापखान्यांत जे मराठी छापले जाई, ते मुंबईच्या त्रैमासिक यादीत येण्याचे कारण नव्हते. भारत सरकारने २० मे १९५४ रोजी सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके देण्याचा कायदा केला. त्याने प्रकाशकावर ठराविक ग्रंथालयांना प्रत पाठविण्याचे बंधन आले. योगायोग असा की, त्यानंतर दोनच महिन्यांनी दादरा मुक्त झाले आणि ह्याही कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. कारण १९५४ ते १९६१ ही सात वर्षे हा प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात नव्हता आणि भारताचा घटकही नव्हता. वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो भारतात विलीन झाला. १९६३ च्या विनियमाने अनेक भारतीय कायदे येथे आणले आणि त्यांचा अंमल १ जुलै १९६५ पासून सुरू झाला.

तेव्हा दोलामुद्रितांची कसोटी जर 'नोंदीपूर्वीचा छाप' ही असेल, तर दादरा-नगर हवेलीच्या बाबतीत ही मर्यादा १८६७ ठेवण्यात काहीच अर्थ नाही. ती किमान १९६१ पर्यंत आणली पाहिजे. ह्या प्रदेशात, ह्या प्रदेशासाठी किंवा ह्या प्रदेशाविषयी १९६१ पूर्वी छापलेला प्रत्येक कागद दोलामुद्रित समजावा आणि दोलामुद्रिताला लावतो तीच काळजी त्यास लावावी, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की, १८३० च्या पंचांगाची आणि १९५४ च्या पत्रकाची बरोबरी कशी करावयाची? कागदाच्या दृष्टीने पाहिले तर बरोबरी होत नाहीच. पत्रकाची अवस्था अधिक नाजूक आहे. दौलताबाद, जुन्नर येथे हातांनी होणारा जुना कागद लांब धाग्यांचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई फुटू नये म्हणून त्यास तुरटी व राळ ह्यांचा हात देत. त्यातून आम्ल सुटते आणि ते धाग्यांना आतून तोडते. वर्तमानपत्री कागदात तर लाकडातील इतर द्रव्ये तशीच राहतात. उन्हात तो पिवळा पडतो, नंतर तांबूस होतो आणि शेवटी घडीवर मोडतो. म्हणून १७८३ ची सनद आणि १९५४ चे पत्रक एकाच कपाटात ठेवली, तर आधी नष्ट होईल ते पत्रक. इतिहासाचा जितका अलीकडचा पुरावा तितका तो अल्पायुषी, असा हा विपरीत न्याय आहे.

त्यात दमणगंगेच्या खोऱ्यातील पावसाळा. हवेतील दमटपणा शेकडा ६५-७० च्या वर राहू लागला की बुरशीला अनुकूल काळ येतो. कसर आणि वाळवी ह्यांना निमित्त लागत नाही. ह्यावर मोठ्या यंत्रसामग्रीवाचून करता येण्याजोगे उपाय आहेत. टाचण्या काढाव्यात, कारण त्या गंजून कागद खातात. घडी उलगडून कागद सपाट ठेवावा. आम्लविरहित जाड कागदाच्या पाकिटात प्रत्येक पत्रक वेगळे ठेवावे. भिंतीला टेकून कपाट उभे करू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कदापि लावू नये. तिचा गोंद पुढे कागदात मुरून डाग पाडतो. बांधणीकार खळीत मोरचूद घालतात. किडीवर ते गुणकारी असले तरी त्यातील तांबे कागदाच्या ऱ्हासास वेग देते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ॲसिटोनच्या साहाय्याने पातळ पडदा व तलम कागद चढविण्याची हातपद्धती विकसित झाली आणि ती देशभर पसरली. आज तज्ज्ञ तिचा अवलंब शेवटचा इलाज म्हणूनच करतात. एकदा केलेला उपचार मागे घेता आला पाहिजे, हे तत्त्व सर्वमान्य झाले आहे.

पण ह्या सर्वांच्या आधीचा उपचार म्हणजे सूची. जो कागद नोंदला गेला नाही तो वाळवीने खाल्ला की रद्दीत गेला, ह्याने काही फरक पडत नाही. दोन्ही प्रकारांनी तो नाहीसा होतो आणि त्याच्या जाण्याची वार्ताही राहत नाही. शिवाय पत्रकाची नोंद ग्रंथासारखी करता येत नाही. त्यास मुखपृष्ठ नसते, बहुधा लेखक नसतो, पुष्कळदा तारीखही नसते. अशा वेळी मथळा आणि पहिली ओळ जशीच्या तशी उतरवावी. भाषा व लिपी स्वतंत्र नोंदवाव्यात; ह्या भागात मराठी मजकूर देवनागरीतच असेल असे गृहीत धरू नये. तळाशी बारीक अक्षरांत मुद्रकाचे नाव असल्यास ते प्रथम टिपावे, कारण तारखेवाचूनच्या कागदाचा काळ ठरविण्याचे ते उत्तम साधन आहे. लांबी-रुंदी मिलिमीटरात द्यावी. अनुमानाने ठरविलेली तारीख चौकोनी कंसात घालावी आणि अनुमानाचा आधार सांगावा. शके दिला असेल तर तो तसाच ठेवून पुढे इसवी सन द्यावा. आणि कागद कोणाच्या घरून, कोणत्या गठ्ठ्यातून आला, हे न चुकता लिहावे; गठ्ठा मोडला की कागदाचा अर्धा अर्थ जातो.

स्थलनामांचा प्रश्न तर येथे विशेष बिकट आहे. १८८५ मध्ये सिल्वाशाला नगराचा दर्जा देताना पोर्तुगीजांनी त्याचे नाव 'व्हिला द पासु द आर्कुश' असे ठेवले. तेव्हा केवळ 'सिल्वासा' ह्या नावाखाली शोधणाऱ्या अभ्यासकाला १८८५ ते १९५४ ह्या काळातील सरकारी छापील कागद हाती लागण्याची आशा थोडीच. स्थानिक लोक तर त्या गावाला सेलवास म्हणतात. सिल्वाशाजवळच्या वासोणा ह्या गावाचे उदाहरण घ्यावे. आज ते सिंहांच्या उद्यानामुळे प्रवाशांना माहीत आहे. त्या गावाचे नाव मराठी, गुजराती आणि पोर्तुगीज वळणाच्या रोमन लिपीत तीन प्रकारांनी लिहिले जाणार. सूचिकाराने एक रूप प्रमाण मानून इतर रूपांवरून त्याकडे निर्देश केला नाही, तर एकाच गावाची तीन गावे होतील. ७२ गावांच्या मुलखात असा नामकोश करणे हे काही अशक्य काम नव्हे. येथील शिक्षकाने मनावर घेतले तर दोन सुट्ट्यांत त्याचा आराखडा उभा राहील.

सूचिकाराची परीक्षा पाहणारा आणखी एक प्रकार सांगितला पाहिजे. मुक्तीनंतर येथे पोर्तुगीज हिंदुस्थानच्या तिकिटांवर 'लिबरेटेड एरियाज' असे शब्द वरून छापून ती वापरण्यात आली. हे तिकीट कोणाच्या नावे नोंदवावयाचे? मूळ छाप पोर्तुगीजांचा, वरचा छाप मुक्त प्रदेशाचा. टपाल तिकिटांचे संग्राहक त्याकडे एका दृष्टीने पाहतील. इतिहासाच्या अभ्यासकाने ते दोन स्तरांचे मुद्रित म्हणून पाहावे आणि दोन्ही छापांची नोंद अलग करावी. सत्तांतराचा इतका संक्षिप्त आणि इतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नसेल. जुने राज्य खाली स्पष्ट दिसते आहे आणि त्यावर दोन शब्दांनी नवे राज्य उभे आहे.

आता हे काम कोणी करावयाचे? कायद्याकडे पाहत बसण्याचे दिवस राहिलेले नाहीत. १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो मार्च २०२४ मध्ये अमलात आला. त्याचा विषय नियतकालिके हा आहे. पुस्तकांची नोंदणी त्यातून वगळली गेली. ज्या कायद्याने आपल्याला दोलामुद्रितांची सीमा दिली तोच असा अस्तास गेला. दादरा-नगर हवेलीची प्रशासकीय ओळखही बदलली आहे. २६ जानेवारी २०२० पासून ती दमण व दीवसह एका केंद्रशासित प्रदेशात सामील झाली. कचेऱ्या एकत्र होतात, खोल्या रिकाम्या केल्या जातात, तेव्हाच जुने छापील कागद सर्वांत जास्त संख्येने बाहेर पडतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

ह्या मुलखाविषयीचे छापील साहित्य आज अनेक ठिकाणी विखुरलेले आहे. सरकारी गॅझेट पणजीस आणि लिस्बनला. खटल्याची छापील कैफियत हेगच्या खंडांत. मराठी वृत्तपत्रांच्या फायली मुंबई, पुणे, ठाणे येथील ग्रंथसंग्रहालयांत. आणि पत्रके, पावत्या, छायाचित्रांमागची कात्रणे त्या लढ्यात गेलेल्या माणसांच्या घरी. हे सर्व एका छताखाली आणणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. एका सूचीत आणणे मात्र शक्य आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये निघाले, ते कोणत्याही कायद्याच्या बळावर नव्हे. वाचणाऱ्या माणसांनी वर्गणी काढून ते उभे केले. संयुक्त सूचीचे कामही त्याच मार्गाने व्हावयाचे आहे. प्रतिमाग्रहणाची यंत्रे आता सुलभ झाली आहेत, त्यामुळे सूचीची गरज संपली असे कित्येकांस वाटते. वस्तुतः ती वाढली आहे. नावावाचूनच्या दहा हजार प्रतिमा आणि बांधून ठेवलेला मोडी रुमाल ह्यांत फरक इतकाच की, रुमाल उघडणाऱ्याला निदान तो कोणत्या दप्तरातला हे ठाऊक असे.

१९५४ मध्ये तरुण असलेल्या पिढीतील फार थोडी माणसे आज हयात आहेत. कोणते पत्रक कोठे छापले, कोणत्या गावी वाटले, त्यावर कोणाचे नाव का नाही, हे सांगू शकणारा साक्षीदार त्या कागदापेक्षाही लवकर जातो. म्हणून नोंद प्रथम, दुरुस्ती नंतर, प्रदर्शन सर्वांच्या शेवटी, हाच क्रम योग्य होय. १७७९ च्या कारकुनाने 'जहागीर' हा एक शब्द नीट लिहून ठेवला आणि त्याची बांधणी नीट झाली, म्हणून १९६० मध्ये आपला पक्ष मांडता आला. १९५४ च्या शब्दांविषयी पुढे कोण, कोणत्या न्यायासनापुढे, काय विचारील हे आज सांगता येणार नाही. विचारील तेव्हा तो कागद आपल्या यादीत असला पाहिजे.